बॉसने घातलेला स्कार्फ आणि लेकीने आणलेली टीम

या वेळचं पत्र मेलबर्नहून आलंय. थोडं कमी करून देतेय.

"ताई, लई अडचणीत आहे, आणि अडचण अशी की गावाकडच्या मित्रांना सांगून कळणार नाही म्हणून तुम्हाला लिहितोय. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेला. अडीच वर्षं झाली मेलबर्नला येऊन, टार्नीटला राहतो. इथं मार्च आला की ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी फुटी, फुटी आणि फुटी, म्हणजे यांचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. पहिल्याच महिन्यात बॉसने विचारलं, तुझी टीम कुठली? मला एकाही टीमचं नाव धड येत नव्हतं, त्याच्या मगवर कार्लटन लिहिलेलं दिसलं म्हणून कार्लटन म्हणालो. तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी घरातला जुना नेव्ही ब्लू स्कार्फ आणून माझ्या गळ्यात घातला. तेव्हापासून मी कार्लटनवाला. आता माझी मुलगी, आठ वर्षांची, शाळेतून वेस्टर्न बुलडॉग्जची होऊन आलीये. तिच्या मैत्रिणीचे आजोबा बुलडॉग्जचे, व्हिएतनामहून आलेले, फुट्सक्रेला राहतात, त्यांनी हिला टोपी दिली. रोज म्हणते बाबा तू पण आपल्या टीमचा हो. बायको म्हणते सपोर्ट करायचाच तर जिंकणाऱ्याला करा, ब्रिस्बेन घ्या. मला मात्र रात्री वाटतं की आपण खोटं बोलतोय, दोन वर्षं स्कार्फ घालून फिरतोय आणि आतून काहीच वाटत नाही. हे प्रेम इथं जन्मलेल्यांनाच होतं का? टीम निवडायची पद्धत काय असते? आणि एकदा सांगितलेली टीम बदलली तर चालतं का? — टार्नीटचा कोल्हापूरकर"

तू मला ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरेवर येते, राग मानू नकोस.

पहिलं सांगते, तू खोटा नाहीयेस. नवीन देश, नवीन नोकरी, समोर बॉस उभा आणि त्याने एक प्रश्न विचारला ज्याचा अर्थ तुला तेव्हा माहीतच नव्हता, आणि तू त्याला बरं वाटेल असं उत्तर दिलंस. एवढंच झालंय. आपल्याकडे एसटीत शेजारी कोणी बसलं की पाच मिनिटांत विचारतं ना, कुठले तुम्ही? त्याला तुझा पत्ता नको असतो, तुझा धागा कुठून येतो ते हवं असतं, म्हणजे मग तो म्हणणार अरे आमची आत्या तिकडेच दिलीये. मेलबर्नमधे "तुझी टीम कुठली" हा अगदी तोच प्रश्न आहे. त्यात खेळाचा भाग कमीच. तुझं घर, तुझा सबर्ब, तुझे आईवडील, तुझा पहिला मित्र, हे सगळं त्या एका नावात मावतं असं इथल्या लोकांना वाटतं आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. तुला आतून काही वाटत नाही कारण तू जे नाव सांगितलंस त्याच्या मागे तुझं कोणी नव्हतं, फक्त एक मग होता.

आता पद्धतीचं. पद्धत नाहीये रे. मी या शहरात पंचवीस वर्षांच्या वर काढली आणि हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारत आलेय, टॅक्सीवाले, नर्स, मुलाचे शिक्षक, भाजीवाली, अगदी दात काढताना डेंटिस्टला सुद्धा विचारलाय, की तुमची टीम तुमची कशी झाली. उत्तरं काय येतात ऐक. वडील घेऊन गेले. आजी रेडिओ लावायची. शेजारच्या घरातला मोठा मुलगा मला हिरो वाटायचा. चौथीत जी मुलगी आवडायची ती हॉथॉर्नची होती. मोठा भाऊ कॉलिंगवुडचा म्हणून मी मुद्दाम एसेंडनचा. मामाने पहिल्या वाढदिवसाला जर्सी आणली, बाबांनी लपवून ठेवली, आईने शोधून घातली. एक बाई म्हणाल्या मला वाघ आवडायचा, म्हणून रिचमंड. इतक्या वर्षांत मला एकही माणूस असा भेटला नाही जो म्हणाला की मी सगळ्या टीमचा खेळ नीट बघितला, तुलना केली आणि मग ठरवलं. कुलदैवत कोणी तुलना करून ठरवतं का? ते कोणीतरी तुझ्या हातात दिलेलं असतं, आणि देणाऱ्या माणसामुळे ते आपलं होतं.

मुळात ही लीगच गल्लीबोळातून उभी राहिलीये हे तुला माहीत असायला हवं, कारण तुझ्या ऑफिसात कोणी हे समजावून सांगणार नाही, त्यांना ते हवेइतकं साहजिक आहे. 1859 साली मेलबर्न फुटबॉल क्लबच्या लोकांनी या खेळाचे नियम लिहून काढले, आणि 1897 ला आठ क्लबांनी मिळून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली, कार्लटन, कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न, सेंट किल्डा आणि साउथ मेलबर्न. ही नावं परत वाच. जिलाँग हे शेजारचं शहर सोडलं तर बाकी सगळी ट्रॅमच्या अंतरावरच्या वस्त्यांची नावं आहेत. तुझ्या लेकीची टीम, म्हणजे तेव्हाचं फुट्सक्रे, 1925 ला आली, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्नबरोबर. प्रत्येक सबर्बचं आपलं मैदान, आपले रंग, आपला खाटीक आणि आपला पब, आणि शनिवारी दुपारी शेजारच्या सबर्बशी मॅच. कॉलिंगवुड म्हणजे कारखान्यांची गरीब वस्ती, फुट्सक्रे म्हणजे गोदी, कत्तलखाने, गोण्यांचे कारखाने, तिथल्या कामगाराला वेगळी टीम शोधायला जायची गरजच नव्हती, ती त्याच्या रस्त्याच्या टोकाला होती. लीगचं नाव 1990 ला ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं, पर्थ, अॅडलेड, सिडनी, ब्रिस्बेन सगळे आले, आज अठरा टीम आहेत आणि मेलबर्नमधल्या मॅच बहुतेक एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, नाहीतर डॉकलँड्सच्या स्टेडियमला होतात. जुन्या मैदानांवर आता लोक कुत्री फिरवतात. पण माणसांच्या मनातला नकाशा तोच राहिलाय. सबर्ब सोडून तीस मैल लांब राहायला गेलेल्या माणसाची नातवंडं अजून त्याच टीमची असतात, ज्या रस्त्यावर ती कधी राहिलीच नाहीत त्या रस्त्याची.

आणि हे घराणं लीगने सुद्धा नियमात मानलंय. नवीन खेळाडू ड्राफ्टमधे वाटले जातात, पण ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबसाठी शंभर मॅच खेळल्या असतील त्याला तो क्लब आपल्याकडे घेऊ शकतो, फादर-सन रूल म्हणतात त्याला. इतका पैशाचा, इतका मोजूनमापून चाललेला धंदा, आणि त्यात मधेच एक नियम असा की बापाचं घर तेच मुलाचं घर. तुझ्या लेकीच्या टीममधेच बघ, टोनी लिबराटोरेला 1990 ला ब्राऊनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, मिळालं, त्याचा मुलगा टॉम त्याच क्लबमधे, आणि सॅम डार्सीच्या आधी त्याचे वडील ल्यूक आणि आजोबा डेव्हिड तिथेच खेळले. लेकीला सांग हे, मुलांना असल्या गोष्टी फार आवडतात.

बरं, आता मला सांग, तू पाटाकडीलचा कसा झालास?

तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण मी तिथे थांबले. मंगळवार पेठेत जन्मलास म्हणून पाटाकडील. शिवाजी पेठेत जन्मला असतास तर आज शिवाजी तरुण मंडळासाठी घसा कोरडा केला असतास आणि पाटाकडीलचं नाव काढलं तरी कपाळावर आठी आली असती. तुला तालीम मंडळांची यादी दाखवून कोणी विचारलं होतं का की बाळा दिलबहार घेतोस का खंडोबा घेतोस? कोणीतरी, बाबा असतील, काका असतील, तुला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमला घेऊन गेलं, आजूबाजूला सगळी आपली पेठ ओरडत होती, आणि तू ओरडायला लागलास. तुला तेव्हा ऑफसाइड पण कळत नसेल. कुस्तीच्या तालमींनी पुढे फुटबॉलच्या टीम काढल्या आणि पेठांनी त्या डोक्यावर घेतल्या, अख्ख्या महाराष्ट्रात असं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. म्हणजे जी गोष्ट "इथं जन्मलेल्यांनाच होते का" असं तू मला विचारतोयस, ती तुला तर आधीच झालेली आहे, तिकडे. मुंबईहून किंवा नागपूरहून आलेल्या माणसाला मला हे पहिल्यापासून समजवावं लागलं असतं, तुला फक्त आठवायला सांगतेय. फुट्सक्रे आणि कॉलिंगवुड या पेठाच आहेत. बॉल तेवढा लांबुळका.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट, जी तू कंसात टाकल्यासारखी उरकलीस. त्या मैत्रिणीचे आजोबा.

व्हिएतनामहून आलेला माणूस, फुट्सक्रेत राहतो, बुलडॉग्जचा आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात युद्धानंतर व्हिएतनाममधून जी माणसं निघाली त्यातली खूप जण मेलबर्नच्या पश्चिमेला आली कारण भाडी परवडायची आणि हाताला काम मिळायचं. त्यांच्या आधी त्याच रस्त्यांवर ग्रीक होते, इटालियन होते, माल्टाची माणसं होती, मॅसिडोनियाची होती. कोणालाच हा खेळ माहीत नव्हता. कार्लटनमधे युद्धानंतर इटालियन कुटुंबं आली आणि पुढे सिल्वाग्नी नावाच्या एका घरातल्या तीन पिढ्या कार्लटनकडून खेळल्या, आजोबा सर्जियो, बाप स्टीफन, नातू जॅक. कॉलिंगवुडचा पीटर डायकॉस मॅसिडोनियन घरातला, आता त्याची दोन्ही मुलं त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यात. यांच्या घरातलं पहिलं माणूस जेव्हा बोटीतून उतरलं तेव्हा ते पण तुझ्यासारखंच होतं, कोणीतरी विचारलं असेल तुझी टीम कुठली आणि त्याला काय बोलावं कळलं नसेल. म्हणजे इथं जन्मलेल्यांनाच होतं हे साफ चूक आहे, उलट जो बाहेरून येतो त्याला ज्या वस्तीने पहिल्यांदा जागा दिली त्या वस्तीची टीम तो फार घट्ट धरून ठेवतो असं मी बघत आलेय.

आणि बुलडॉग्जचं तर विचारूच नकोस. 1989 ला हा क्लब बंद होणार होता, पैसे संपलेले, लीगने ठरवून टाकलं की फुट्सक्रे आणि फिट्झरॉय एक करायचे. पश्चिमेकडची माणसं रस्त्यावर आली. डबे घेऊन दारोदार फिरली, पीटर गॉर्डन नावाच्या तरुण वकिलाने पुढाकार घेतला, शाळेतली मुलं, पेन्शनवाले म्हातारे, फॅक्टरीतून सुटलेले कामगार, सगळ्यांनी नाणी गोळा केली आणि क्लब वाचवला. मग अजून सत्तावीस वर्षं वाट बघितली. 1954 ला एकदाच जिंकलेला क्लब 2016 ला सातव्या नंबरवरून फायनल्समधे, म्हणजे सीझनअखेरच्या फेऱ्यांमधे, घुसला, इतक्या खालून येऊन तोपर्यंत कोणीच कप जिंकला नव्हता, आणि ग्रँड फायनलला सिडनीला 22 पॉइंटने हरवलं. कॅप्टन बॉब मर्फी सीझनच्या सुरवातीलाच गुडघा जाऊन बाहेर बसलेला, इतकी वर्षं खेळून नेमक्या त्या दिवशी मैदानात नाही, तर कोच ल्यूक बेव्हरिजने स्टेजवर स्वतःच्या गळ्यातलं मेडल काढून त्याच्या गळ्यात घातलं. मी बुलडॉग्जची नाही, तरी मी ते बघताना रडले होते आणि आता लिहिताना पण डोळे भरून आलेत.

त्या आजोबांना विचार एकदा, तेव्हा कुठे होते, 1989 ला डब्यात नाणं टाकलं होतं का, 2016 ला काय केलं. मला नाही माहीत ते काय सांगतील. पण तुझ्या लेकीच्या डोक्यावर त्यांनी जी टोपी ठेवलीये ती दुकानातल्या टोपीसारखी नाहीये एवढं लक्षात घे.

माझं सांगते म्हणजे तुला कळेल मी हे का इतकं ताणून सांगतेय. मी आले तेव्हा बॅलाक्लावाला एका खोलीत राहायचे, सेंट किल्डाच्या शेजारी. नवरा रात्रपाळीला, माझ्याकडे नोकरी नाही, थंडीचे दिवस, पाच वाजता अंधारून यायचं. भिंतीपलीकडे एक म्हाताऱ्या बाई, एकट्या, शनिवारी मोठ्याने रेडिओ लावायच्या आणि मधेच किंचाळायच्या. पहिल्या वेळी मला वाटलं पडल्या की काय, धावत गेले. त्यांनी दार उघडलं, मला ओढून आत घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या बस, अजून एक क्वार्टर राहिलाय. मला रेडिओवरचं अक्षर कळत नव्हतं. पुढच्या शनिवारी मी स्वतःच गेले, बटाटेवडे करून घेऊन. मग दर शनिवारी. त्यांनी मला शिकवलं की मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा पॉइंट, बाजूच्या खांबातून गेला तर एक, त्याला बिहाइंड म्हणतात, आणि सेंट किल्डाने आजवर एकच कप जिंकलाय, 1966 साली, कॉलिंगवुडला हरवून, एका पॉइंटने, आणि तो पॉइंट पण बिहाइंडच, बॅरी ब्रीनने मारलेला. त्या स्वतः मैदानात होत्या त्या दिवशी. ती गोष्ट मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकली असेल, दर वेळी त्या बॉलच्या उसळीशी येऊन थांबायच्या आणि हाताने दाखवायच्या असा गेला, असा.

2009 ला आम्ही फायनलला गेलो, जिलाँगकडून 12 पॉइंटने हरलो. 2010 ला परत फायनल, समोर 1966 सारखंच कॉलिंगवुड, आणि मॅच टाय झाली, 68-68. शेवटच्या मिनिटांत बॉल गोलपाशी स्टीफन मिल्नसमोर पडला आणि वाकडी उसळी घेऊन त्याच्या हातून निसटला. 1966 ला जी उसळी आपल्या बाजूने आली ती 2010 ला आली नाही, असं बाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या. पुढच्या शनिवारी परत खेळवली, 56 पॉइंटने हरलो. त्या आता नाहीत. मी अजून टीव्ही म्यूट करून रेडिओ लावते. जिंकणारी टीम घेतली असती तर सुखी झाले असते का, हा विचार मला खरंच कधी आला नाही, कारण माझ्यासाठी सेंट किल्डा म्हणजे त्या घरातला चहा आणि त्या बाईंचा हात आहे, कप हा त्यातला नंतरचा भाग.

म्हणून तुझ्या बायकोला पण एक सांग, प्रेमाने सांग. या लीगमधे जो आज वर आहे तो वर राहतोच असं नाही, मुद्दामच तशी रचना केलीये. तळाला राहिलेल्या टीमला ड्राफ्टमधे पहिला खेळाडू निवडायला मिळतो, 1986 पासून ड्राफ्ट आहे, आणि पगारावर सगळ्यांना सारखी मर्यादा, त्यामुळे पैसेवाला क्लब सगळेच चांगले खेळाडू विकत घेऊन बसू शकत नाही. रिचमंड 1980 नंतर थेट 2017 ला जिंकलं. मेलबर्नने 1964 नंतर 57 वर्षांनी, 2021 ला. जिंकणाऱ्याच्या मागे जायचं म्हटलं तर दर दोन-तीन वर्षांनी स्कार्फ बदलावा लागेल. पण तिला ब्रिस्बेन हवंच असेल तर त्याला एक फार सुंदर वाट आहे आणि ती मेलबर्नमधूनच जाते. तो वर सांगितला ना फिट्झरॉय, आठ कप जिंकलेला जुना क्लब, तो 1996 ला शेवटी टिकलाच नाही, ब्रिस्बेन बेअर्सबरोबर एक झाला आणि त्याचे ब्रिस्बेन लायन्स झाले. सिंह फिट्झरॉयचा. फिट्झरॉयची माणसं तेव्हा फुटली, काही दुसऱ्या टीमकडे गेली, काहींनी फुटी बघणंच सोडलं, आणि काही जण आपल्या सिंहाच्या मागे ब्रिस्बेनपर्यंत गेले, मेलबर्नमधे राहून. 2001, 2002, 2003 असे लागोपाठ तीन कप आले तेव्हा फिट्झरॉयच्या रस्त्यांवर म्हातारी माणसं नाचली. बायकोला म्हणावं घे ब्रिस्बेन, पण एकदा फिट्झरॉयला जाऊन ये. मग बघ ती काय म्हणते.

आता बदललं तर चालतं का. खरं सांगते, इथले लोक टीम बदलणाऱ्याला सहज माफ करत नाहीत. हरायला लागले म्हणून बदलली, हे तर अजिबात नाही. पण काही कारणं अशी आहेत की समोरचा लगेच मान हलवतो. क्लबच राहिला नाही, जसं फिट्झरॉय. नाहीतर लेकरू. "माझी मुलगी डॉग्जची आहे, ती मला घेऊन गेली" असं म्हणालास ना की कट्टरातला कट्टर कार्लटनवाला पण विरघळतो, कारण त्याचीही गोष्ट अशीच कुठेतरी सुरू झालेली असते, फक्त उलट्या दिशेने, त्याला बापाने नेलं होतं आणि तुला लेकीने नेलं. माझ्या मते तर तू टीम बदलतच नाहीयेस. तुझी टीम अजून झालीच नव्हती.

बॉसला मात्र स्वतः सांग, दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नकोस. सोमवारी सकाळी चहा घेताना सांग, मॅच हरल्यावर लगेच नको. खरं तेच सांग, की त्या दिवशी मला एकही नाव येत नव्हतं, तुमच्या मगवर बघितलं आणि बोललो, तुम्ही इतक्या प्रेमाने स्कार्फ दिलात की पुढे सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता लेक मला बुलडॉग्जकडे ओढतेय. मला खात्री आहे तो दुखावणार नाही. विचार कर, परक्या मुलखातून आलेल्या माणसाच्या गळ्यात ज्याने दुसऱ्याच दिवशी घरातला जुना स्कार्फ आणून घातला तो मनाचा मोठा असणार. स्कार्फ परत देऊ का म्हणून विचार, बहुधा नको म्हणेल, मग नीट धुवून घडी घालून जपून ठेव, आणि कार्लटनची मॅच बुलडॉग्ज सोडून दुसऱ्या कोणाशी असेल तेव्हा त्याच्यासोबत एकदा जाऊन ये. टिपिंगचा, म्हणजे ऑफिसात दर आठवड्याला कोण जिंकेल याचा अंदाज लावतात त्याचा, आणि याचा काही संबंध नाही हां, टिपिंगमधे ज्याला जिंकेल वाटतं त्यावर टिक करायची, तिथे सगळेच आपल्या टीमविरुद्ध टिक करतात कधीकधी.

बोलताना एक शब्द सांभाळ. इथे टीमला सपोर्ट करण्याला "बॅरक" करणं म्हणतात. अमेरिकन सिनेमे बघून "रूट" म्हणू नकोस, इथे त्याचा अर्थ भलताच होतो आणि लेक शेजारी असेल.

आणि आता लवकरात लवकर एक काम कर, बुलडॉग्जची डॉकलँड्सची मॅच बघ आणि लेकीला घेऊन जा. गाडी काढू नका. टार्नीटहून ट्रेन थेट सदर्न क्रॉसला येते आणि स्टेशनातूनच स्टेडियमकडे पूल जातो, त्या पुलावर लाल-पांढरे-निळे स्कार्फ घातलेली अख्खी पश्चिम चालत असते, त्यात तिला खांद्यावर घे. आठ वर्षांची आहे, जड होईल, तरी घे. नियमांची काळजी करू नकोस, खांबांपाशी उभा असलेला गोल अंपायर दोन झेंडे हलवतो तो गोल, एक हलवतो तो बिहाइंड, पहिल्या दिवशी एवढं पुरे, बाकीचं लेक सांगेल. तिला सांगू दे, तुला माहीत असलं तरी. शेवटचा सायरन वाजेपर्यंत उठायचं नाही, कितीही मागे असलात तरी, आणि जिंकले तर टीमचं गाणं लागतं ते उभं राहून म्हणायचं, शब्द आदल्या दिवशी पाठ करून ठेव.

मॅच नसेल त्या शनिवारी वेस्ट फुट्सक्रेला जा, तुमचं जुनं मैदान तिथे आहे, व्हिटन ओव्हल, बाहेर 1954 च्या टीममधल्या टेड व्हिटनचा पुतळा आहे. बायकांच्या टीमच्या मॅच तिथे होतात, बायकांची लीग, एएफएलडब्ल्यू, 2017 ला सुरू झाली, लेकीला त्या नक्की दाखव, मैदान छोटं आहे, खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात. तिथून बार्कली स्ट्रीटला चालत आलास की दोन्ही बाजूंना आपली दुकानं आणि हॉटेलं आहेत, मिसळ कोल्हापूरसारखी मिळणार नाही पण पोटभर जेवण होईल.

तिकिटं काढताना तीन नको, पाच काढ. तू, बायको, लेक, तिची मैत्रीण आणि ते आजोबा. फोन लेकीला करू दे.